उटकमंडची वार्षिक वारी

गोल्फ हा साहेबांचा आणि गडगंज श्रीमंतांचा खेळ, अशी आपल्या पांढरपेशा कुटुंबांतून सर्वत्र समजूत आहे. आणि ती अगदींच निराधार आहे असेंही म्हणवत नाहीं. एक लहानसा पांढरा चेंडू काठीनें मारावयाचा, त्याच्या मागोमाग चालत जावयाचें, पुनः मारावयाचा, आणि शेवटीं सव्वाचार इंच रुंदीच्या खळग्यांत तो लोटावयाचा. असे अठरा खळगे झाले कीं डाव संपला. एवढ्यासाठीं शंभर-दीडशें एकर जमीन गुंतवून ठेवावी, हें काटकसरी गृहस्थाच्या मनास पटणें कठीण. आमच्या घरच्या मंडळींनीं तर या खेळाला ‘विटीदांडूचा श्रीमंत मावसभाऊ’ असें नांव ठेविलें आहे. तथापि ज्याच्या निमित्तानें आम्हां सहा वृद्धांची टोळी, मध्यंतरीं साथीमुळें पडलेला दोन वर्षांचा खंड सोडल्यास, दरसाल फाल्गुनांत निलगिरीवर जात आली, त्या खेळांत कांहीं तरी सार असलें पाहिजे. तें कोणतें, हें वाचकांपुढें मांडावें एवढाच या लेखाचा हेतु.

टोळी जमली ती पर्वतीच्या पायऱ्यांवर. पहांटे चढावयास येणाऱ्या मंडळींत एक निवृत्त मेजर होते. फौजेंत असतांना ते हा खेळ शिकले होते. त्यांनीं हळूहळू एकेकाला नादीं लाविलें. डॉक्टर, वकीलसाहेब, इंजिनिअर आणि बँकेंतून निवृत्त झालेले रावसाहेब मिळून पांच खेळाडू झाले. सहावे आम्ही. आमच्याकडे काठी नाहीं, वही आहे. जन्म मुलांचे गुण मांडण्यांत गेल्यामुळें फटक्यांचा हिशेब ठेवण्याचें काम मंडळींनीं एकमतानें आमच्याकडे सोंपविलें. बक्षीस म्हणून तांबट आळींतून आणिलेला एक तांब्याचा गडू आहे. जिंकणाऱ्याचें नांव आणि साल त्यावर कोरून घ्यावयाचें व वर्षभर त्यांतलें पाणी प्यावयाचें, एवढाच त्याचा मान. परंतु त्या गडवासाठीं या वयांतही किती ईर्षा चालते, हें पाहिल्यावांचून कळावयाचें नाहीं.

पुण्याहून कोइमतूरपर्यंत मोठी आगगाडी, तेथून मेट्टुपाळयम्, आणि तेथें ती प्रसिद्ध डोंगरी गाडी मिळते. हा लोहमार्ग १८९९ सालीं कुन्नूरपर्यंत व १९०८ सालीं उटकमंडपर्यंत पोंचला. २००५ सालीं युनेस्कोनें त्यास जागतिक वारशांत स्थान दिलें. अंतर अवघें ४६ किलोमीटर, पण चढतांना पांच तासांच्या आसपास लागतात. कल्लार सोडल्यावर चढ इतका उभा होतो कीं बारा फूट पुढें गेल्यास एक फूट उंची वाढावी. अशा जागीं गुळगुळीत रुळांवरून चाकें घसरावयाचीं. म्हणून दोन रुळांच्या मध्यें दांतेरी पट्ट्या बसविल्या आहेत, आणि इंजिनाचें दांत्यांचें चाक त्यांत अडकत अडकत गाडी वर सरकते. इंजिनही पुढें नसतें, मागें असतें; तें गाडीला ओढीत नाहीं, ढकलतें.

डॉक्टर आम्हां सर्वांत वडील. त्यांना शहात्तरावें चालू आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर या वर्षीं ते प्रथमच एवढ्या लांब निघाले होते. खिडकीपाशीं बसून ते म्हणाले, “या गाडीचें आणि माझें एकच आहे. मागून ढकलणारे आहेत म्हणून चढतों.” सगळे हंसले. इंजिनिअर मात्र हंसले नाहींत, आणि तें आमच्या नजरेंतून सुटलें नाहीं.

उटीचें सरकारी नांव उदगमंडलम्. संस्कृताचा संस्कार झालेल्या कानाला त्यांत ‘उदक’ आणि ‘मंडल’ ऐकूं येतें. पण ‘मंड’ हा शब्द तोडा लोकांचा आहे, आणि त्यांच्या वस्तीला तो लावितात. कोइमतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन १८१९ सालीं या पठारावर आला. त्याच्या कितीतरी पूर्वींपासून येथील कुरणांवर तोडांच्या म्हशी चरत होत्या. त्यांचीं जुन्या पद्धतीचीं घरें उभें कापून पालथ्या घातलेल्या पिंपासारखीं कमानदार असतात, आणि दार इतकें ठेंगणें कीं आंत रांगतच जावें. ज्या जागीं पवित्र म्हशींचें दूध घुसळावयाचें तेंच त्यांचें देऊळ, आणि तें घुसळणारा हाच पुजारी. गोरसाला पवित्र मानणाऱ्या आपल्या लोकांना ही उपासना परकी वाटूं नये.

गोल्फचें मैदान गांवाबाहेर फिंगरपोस्टच्या बाजूस आहे. मैदान म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें सपाट जागा येते; येथें तसें कांहीं नाहीं. एका टेंकडीवरून चेंडू मारावा, तो दुसरीच्या उतारावर पडावा, आणि मधल्या घळींत निलगिरीच्या झाडांतून वारा वाहत असावा. सकाळीं गवतावर दंव असतें. कधीं एखादा गवा आपल्याच तंद्रींत वाट अडवून उभा राहतो. मग बड्यांतला बडा खेळाडूही काठी खालीं ठेवून मुकाट्यानें वाट पाहतो.

या मैदानावरचें सर्वांत विलक्षण झुडूप म्हणजे गॉर्स. फुलें हळदीसारखीं पिवळीं, आणि पानांच्या जागीं नुसते कांटे. हें झुडूप मूळचें येथलें नव्हे. स्कॉटलंडांत समुद्रकांठच्या वाळवंटी गायरानांवर हा खेळ वाढला. तेथील लोक धनुर्विद्येचा सराव सोडून त्याच्या इतके नादीं लागले कीं, १४५७ सालीं दुसऱ्या जेम्स राजाच्या कारकीर्दींत त्याला कायद्यानें बंदी करावी लागली. त्या गायरानांच्या कडेला गॉर्स फुलतें. इंग्रज हिंदुस्थानांत आले तेव्हां त्यांनीं खेळ आणिला, १८२९ सालीं कलकत्त्यास त्याचा क्लब काढिला. आणि निलगिरीवर तर घरची आठवण म्हणून हें कांटेरी झुडूपही आणून लाविलें. झुडूप फोफावलें. गॉर्स, निलगिरी, वॅटल इत्यादि परक्या वनस्पतींनीं येथील गवताळ कुरणांचा पुष्कळ भाग व्यापला. हीं कुरणें आणि घळींतलीं दाट शोला-वनें मिळून पावसाचें पाणी धरून ठेवीत असत. म्हणून आतां कित्येक ठिकाणीं परकीं झाडें काढून पुनः गवत रुजविण्याचे प्रयत्न चालले आहेत. एकाच्या घरच्या आठवणीनें दुसऱ्याच्या घराची जागा कशी घ्यावी, याचा हा पिवळा नमुना आहे. आमच्या डावांत मात्र त्याचें महत्त्व निराळेंच ठरावयाचें होतें.

तें सांगण्यापूर्वीं या खेळांतील एक सोय समजावून दिली पाहिजे. तिला हँडिकॅप म्हणतात. प्रत्येक खेळाडूच्या मागील डावांवरून त्याला किती फटक्यांची सूट द्यावयाची हें आधींच ठरतें. एकानें अठरा खळग्यांना चौऱ्याण्णव फटके घेतले व त्याची सूट बावीस असली, तर त्याचे बहात्तर धरावयाचे. दुर्बळाला सूट अधिक, सबळाला कमी. त्यामुळें पंचविशींतला तरुण आणि पंचाहत्तरींतला म्हातारा एकाच डावांत खऱ्या चुरशीनें खेळूं शकतात. २०२० सालापासून जगभर एकच पद्धत लागू होत गेली, आणि तींत ही सूट चोपन्नपर्यंत असूं शकते. आपल्या मुलांच्या खेळांत अगदीं लहान भावंडाला लिंबूटिंबू म्हणून घेतात. तें शिवलें गेलें तरी बाद होत नाहीं आणि जिंकलें तरी जिंकत नाहीं. हँडिकॅप आणि लिंबूटिंबू यांत वरवर पाहतां फरक दिसत नाहीं. तो आम्हांस यंदा दिसला.

म्हातारपण ध्यानांत घेऊन आम्हीं पहिल्या दिवशीं नऊ आणि दुसऱ्या दिवशीं नऊ खळगे ठेविले होते. मेजर, वकीलसाहेब व रावसाहेब पुढें गेले. मागून डॉक्टर व इंजिनिअर, त्यांचे दोन कॅडी, आणि वही घेऊन आम्ही. वकीलसाहेबांचा डाव आमच्या आधीं संपला, आणि ते सतराव्या खळग्यापाशीं उलट चालत येऊन म्हणाले, “मास्तर, माझे चौऱ्याण्णव. बावीस वजा जातां बहात्तर.” मेजर व रावसाहेब त्यांच्या पुष्कळ मागें होते, आणि इंजिनिअरांचा डाव तर पहिल्याच दिवशीं बिघडला होता. डॉक्टरांची सूट बत्तीस; सोळा खळग्यांना त्यांचे ब्याण्णव फटके झाले होते. उरलेले दोन खळगे अकरा फटक्यांत झाले असते, तर त्यांचे एकाहत्तर होऊन गडू त्यांचा होता. त्यांचें नांव त्यावर एकदांही कोरलें गेलेलें नव्हतें.

सतराव्याचा पहिला फटका त्यांनीं मारिला. चेंडू चांगला उडाला, वाऱ्यानें वळला, आणि उजवीकडच्या गॉर्समध्यें शिरला. चेंडूचा शोध तीनच मिनिटें करावयाचा, असा २०१९ सालापासून नियम आहे. त्यापूर्वीं पांच मिनिटें मिळत. न सापडल्यास मूळ जागीं परत जाऊन एक फटका दंड भरून पुनः मारावयाचें, म्हणजे एकूण दोन फटक्यांचें नुकसान. डॉक्टर म्हणाले, “मास्तर, घड्याळ लावा.” आम्हीं लाविलें. सगळे कांटे बाजूला सारीत शोधूं लागले. दुसरें मिनिट संपत आलें तोंच इंजिनिअर ओरडले, “डॉक्टर, हा इथें आहे! श्री आहे त्याच्यावर!”

प्रत्येक खेळाडूनें आपल्या चेंडूवर खूण करावी असा रिवाज आहे, आणि डॉक्टर आपल्या चेंडूवर शाईनें ‘श्री’ काढतात. ते सावकाश आले, चष्मा लाविला, वांकून चेंडू पाहिला, आणि बराच वेळ पाहिला. मग शांतपणें म्हणाले, “श्री आहे खरा, पण इतका सुवाच्य श्री मीं जन्मांत काढला नाहीं. हा चेंडू माझा नव्हे.”

चाळीस वर्षें औषधांच्या चिठ्ठ्या लिहिलेला तो हात. त्याचें अक्षर पेठेंतल्या एका औषधवाल्याखेरीज कोणास लागत नसे. आम्ही मोडी आणि बाळबोध दोन्ही तपासलेले, पण आम्हांसही लागत नसे. तो चेंडूवरचा श्री मात्र नकाशावर अक्षरें काढणाऱ्या माणसाचा होता. इंजिनिअर कांहींच बोलले नाहींत. वकीलसाहेब म्हणाले, “आणखी थोडें शोधूं. पूर्वीं पांच मिनिटें होतीं.” डॉक्टर म्हणाले, “पूर्वीं आपण पळतही होतों.” इतक्यांत तीन मिनिटें झालीं. ते मागें वळले आणि तो चढ पुनः चढूं लागले. कॅडीनें हात पुढें केला. तो त्यांनीं घेतला. सतराव्याला आठ फटके झाले, अठराव्याला पांच. एकशें पांचांतून बत्तीस वजा जातां त्र्याहत्तर. गडू एका फटक्यानें गेला.

त्या रात्रीं थंडी कडाक्याची होती. मेतकूट-भात झाल्यावर सगळे शेगडीभोंवतीं बसले, तेव्हां इंजिनिअरांनीं आपण होऊन सांगितलें. निघण्यापूर्वींच त्यांनीं श्री काढलेला एक चेंडू खिशांत ठेविला होता. “डॉक्टर, पुढच्या वर्षीं काय होईल कोण जाणे, असें वाटलें,” एवढें बोलून त्यांचा गळा दाटला.

डॉक्टर रागावले नाहींत. ते म्हणाले, “अहो, बत्तीस फटके तुम्हीं मला दिलेतच कीं! सगळ्यांच्या देखत दिलेत, मास्तरांच्या वहींत मांडलेत, आणि मीं हक्कानें घेतले. त्यांत मला कमीपणा नाहीं; मी म्हातारा आहें हें मला ठाऊक आहे. पण खिशांतून काढून दिलेला चेंडू मीं घेतला असता, तर मी खेळांत उरलों नसतों. तुम्ही सगळे खेळतां आणि मी मधें उभा, असें झालें असतें. मला लिंबूटिंबू करूं नका. घरीं सुना आणि नातवंडें तें प्रेमानें करतातच. निदान येथें नको.”

कोणास उत्तर सुचेना. आपल्या एकत्र कुटुंबांतून वडील माणसांची काळजी घेण्याची रीत आहे, आणि ती चांगली आहे. जिना चढतांना हात द्यावा, जड पिशवी आपण घ्यावी, पथ्याचें ताट वेगळें वाढावें. हें सर्व उघड असतें आणि म्हाताऱ्याला तें सोसतें. परंतु व्यवहारांतल्या गोष्टी त्याच्यापासून लपवाव्या, बुद्धिबळांत नातवानें मुद्दाम हरावें, आणि त्याच्या मतावर सर्वांनीं मान डोलावून मागाहून निराळेंच करावें, हेंही आपण प्रेमानेंच करतों. डॉक्टरांचें बोलणें ऐकतांना आम्हांस अशीं पुष्कळ घरें आठवलीं.

वकीलसाहेब गडू घेण्यास तयार नव्हते. डॉक्टरांनीं तो स्वतः त्यांच्या हातीं दिला व दटावून म्हणाले, “नियमानें जिंकलांत, आतां नियमानें पाणी प्या.” मग आमच्याकडे वळून त्यांनीं विचारलें, “मास्तर, यंदाच्या हिशेबानें माझी सूट किती होते?” आम्हीं शेगडीच्या उजेडांत वही उघडली, मागील डाव जुळवून पाहिले, आणि चौतीस असें सांगितलें. “मग पुढील वर्षाच्या पानावर आजच मांडून ठेवा,” ते म्हणाले, “आणि आंकडा मला वाचतां येईल असा काढा.” आम्हीं मांडला. इंजिनिअरांनीं तो श्री काढलेला चेंडू शेगडीजवळच्या फळीवर ठेविला होता, सकाळीं निघतांना डॉक्टरांनीं तो उचलून आपल्या पिशवींत टाकिला आणि म्हणाले, “पुढल्या खेपेला यानेंच खेळेन. आतां हा माझा.”