कीचकाचे दात

कीचकाच्या दातांना पांढरा रंग द्या, हे मीच सुचवलं होतं. १९९४ चा उन्हाळा होता. आमचं गाव धुळे जिल्ह्यात, पांझरेच्या काठावर. गावाबाहेर काळ्या पाषाणाचं महादेवाचं मंदिर. शिखर कधीच ढासळलेलं. गाभारा आणि मंडपाचे चार खांब तेवढे शाबूत. जीर्णोद्धाराची वर्गणी जमली, सिमेंट आलं, फरशी आली आणि मंडळी माझ्याकडे आली. मी तेव्हा तालुक्याच्या शाळेत चित्रकला शिकवायचो. "सर, रंग तुम्हीच सांगा," म्हणाले. मला फार मान वाटला. शाळा सुटली की सायकल काढून मी मंदिरावर जायचो आणि रंगाऱ्याजवळ उभा राहायचो. खांब पिवळे, वरचे पट्टे आकाशी, कीचकाचं अंग गुलाबी, मिशा काळ्या, दात पांढरे.

कीचक म्हणजे खांबाच्या डोक्यावर, तुळईखाली दबून बसलेला बुटका, पोट सुटलेला गडी. महाभारतातला कीचक तो हा नव्हे. याचं काम एकच, छत तोलून धरणं. ओझ्याने त्याचे डोळे बाहेर आलेले असतात आणि ओठ फाकून दात दिसत असतात. आमचे चार खांब, प्रत्येकावर चार, असे सोळा कीचक. सोळाही मी रंगवून घेतले.

दगड काय चीज असते हे मला कळत नव्हतं, असंही नाही. लहानपणी दारावर जातं टाकवायला बाई यायची. तिची टाकी त्या काळ्या दगडावर नुसती उडायची. दोन जाती झाली की टाकी लोहाराकडून शेवटून आणावी लागायची. अशा दगडात कुणीतरी दात कोरले, दोन दातांमधली फट कोरली, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

निवृत्तीनंतर मी पाटणला गेलो. चाळीसगावपासून १८ किलोमीटरवर, सातमाळ्याच्या पायथ्याशी, आता अभयारण्यात. आम्ही खान्देशी माणसं तिथे पाटणादेवीला जातो, नवस फेडतो, परत येतो. त्या दिवशी मी मुद्दाम महेशाच्या मंदिरात थांबलो. तिथला शिलालेख शके १०७५ चा, म्हणजे इसवी सन ११५३. यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यातल्या इंद्रराजाने हे मंदिर बांधायला घेतलं, पण पुरं व्हायच्या आधी तो गेला. मुलगा गोवन लहान, म्हणून राणी श्रीदेवीने कारभार हाती घेतला, आणि मंदिर पुरं झालं. म्हणजे एका लहान सरदाराच्या घरातलं हे काम. देवगिरीचा खजिना त्यामागे नव्हता. पाटणचाच दुसरा लेख, शके ११२८ चा, भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी काढलेल्या मठाबद्दल आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ मध्ये उजेडात आणला. त्याचा शेवटचा भाग मराठीत आहे आणि गावात जेवढे घाणे चालतील तेवढ्यांनी पळी पळी तेल मठाला द्यावं, असं त्यात सांगितलंय. तेल्याच्या पळीभर तेलाची नोंद दगडावर! मला तो लेख ग्रहगणितापेक्षाही मोठा वाटतो.

आणि हो, 'हेमाडपंती' या शब्दाबद्दल एकदा बोललंच पाहिजे. हा शब्द ज्याच्या नावावरून आला, तो हेमाद्री पंडित यादव राजे महादेव आणि रामदेवराय यांच्या दरबारातला, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. पाटणचं मंदिर त्याच्या शंभर वर्षं आधीचं. चाळीसगाव तालुक्यातल्याच वाघळीचा लेख तर शके ९९१ चा, १०६९ मधला. आपण दिसेल त्या काळ्या देवळाला हेमाडपंती म्हणतो आणि तिथेच पाहणं थांबवतो. कुणी बांधलं, कधी बांधलं, कुठला खांब कुठल्या हाताचा, हे विचारायची गरजच उरत नाही. मीही तेच केलं होतं.

माझे डोळे खरे उघडले ते मात्र साता समुद्रापार. लेक इंग्लंडमध्ये हेरेफर्डला परिचारिका आहे. सुट्टीच्या दिवशी ती मला किलपेक नावाच्या खेड्यात घेऊन गेली. आपल्याकडच्या पाड्याएवढी वस्ती, भोवती शेतं, आणि मधे तांबूस वाळूच्या दगडाचं छोटंसं चर्च, साधारण ११४० चं. या शैलीला युरोपात रोमनेस्क म्हणतात. दाराच्या चौकटीवर शेपूट गिळणारे साप, वेलींत गुरफटलेले योद्धे, कमानीवर चोची काढलेली डोकी. आणि छपराच्या कडेखाली भिंतीभोवती ऐंशीच्या वर दगडी मुंडकी आणि आकृत्या ओळीने बसवलेल्या. एका दगडावर शिकारी कुत्रा आणि ससा शेजारी शेजारी, जिवलग मित्रांसारखे. एका तोंडाचे डोळे बाहेर आलेले, दात दिसत होते. मी लेकीला म्हणालो, "अगं, हा तर आपला कीचक!" ११४० आणि ११५३. दोन मुलखांना एकमेकांची गंधवार्ता नाही, देव वेगळे, दगड वेगळा; आणि गावच्या देवळाच्या छपराखाली दोघांनीही हा असा माणूस बसवला.

त्या चर्चच्या दगडावर रंगाचा हात मला कुठे दिसला नाही. तिथल्या लोकांना हे आपोआप सुचलं, असं मात्र नाही. दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडातही जीर्णोद्धाराची लाट आली होती. जुन्या चर्चच्या भिंती खरवडून नव्या कोऱ्या करण्याचा सपाटा चालला होता. विल्यम मॉरिस या कवी-कारागिराने १८७७ मध्ये त्याविरुद्ध संस्थाच काढली. लोक तिला 'खरवडविरोधी' म्हणत. म्हणजे तिथेही कुणाला तरी उठून 'थांबा' म्हणावं लागलं होतं.

परत आल्यावर पहिल्या आठवड्यात मी साक्री तालुक्यातलं बळसाणे गाठलं. आमच्या जिल्ह्यात यापेक्षा समृद्ध कोरीवकाम मी तरी पाहिलेलं नाही. पूर्वी विमलनाथांच्या दर्शनाला दोनदा गेलो होतो, तेव्हा ही मंदिरं ओलांडून पुढे गेलो होतो. या वेळी मोठ्या मंदिराच्या मंडपात उताणा पडून छत पाहिलं, मग खांबांपाशी आलो. बॅटरीचा झोत आडवा टाकला. टाकीचे बारीक घाव, ओठाची कड, आणि दातांमधली ती फट. आठशे वर्षांची, केसाएवढी. पाच-दहा मिनिटं मी हललो नाही.

बाहेर शेळ्या सोडून सावलीला बसलेली एक म्हातारी सगळं बघत होती. "कथाईन उनात, भाऊ?" तिने विचारलं. मी गाव सांगितलं. कीचकाकडे बोट करून म्हटलं, "माय, हा कोण?" ती म्हणाली, "हाऊच मंदिर धरी राहिना."

घरी येऊन मी आमच्या मंदिरात गेलो. प्रत्येक महाशिवरात्रीला वर एक हात बसत गेलेला. दातांची फट बुजली होती. कीचकाच्या तोंडात नुसती पांढरी पट्टी. ही देवळं चुन्यावाचून, दगडावर दगड बसवून रचलेली. सांध्यांवर तैलरंग बसला की आत शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही. दोन खांबांवर पोपडे सुटले होते आणि पोपड्यामागे दगडाची पापुद्र्याएवढी सालही येत होती. सोबत नातू होता. त्याने विचारलं, "आजोबा, हे सिमेंटचे आहेत का?"

त्याला काय सांगायचं ते मला सुचलं नाही. संध्याकाळी मात्र मी मंडळींसमोर उभा राहून सांगितलं की १९९४ मध्ये मी चूक केली. पन्नासेक माणसं होती. एक-दोघांना राग आला. देवाला उघडं काळं ठेवायचं का, असं विचारलं. बाकीच्यांनी ऐकून घेतलं. गेल्या तीन महाशिवरात्रींना आमच्या मंदिराला रंग लागलेला नाही. जुना रंग अजून तसाच आहे. तारेचा ब्रश किंवा वाळूचा फवारा मारून तो काढला तर रंगाबरोबर कोरीवकामही जाईल, असं जाणकारांनी बजावलंय. ते काम रसायनं समजणाऱ्या माणसाचंच.

पाटण, बळसाणे, वाघळी, तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेव, इथे पुरातत्त्व खात्याची पाटी आहे. तुमच्या-माझ्या गावाबाहेरच्या पडक्या देवळावर ती नाही. तिथे मंडळाची बैठक हाच कायदा. म्हणून जळगाव-धुळ्याच्या वाचकांकडे माझं मागणं आहे. यंदा तुमच्या गावात वर्गणी जमली तर छताची गळती थांबवा, भिंतीत उगवलेला पिंपळ जाणकाराला विचारून काढा, पायवाट करा, दिवा लावा. आणि रंगाचा डबा उघडण्याआधी बॅटरी घेऊन एकदा खांबाजवळ जा, झोत आडवा टाका आणि कीचकाचे दात बघा.