शहानूरचा उतार

अंजनगाव सुर्जीच्या उत्तरेस, जेथे शेते संपून गाविलगडच्या डोंगरांची निळी रांग एकाएकी समोर उभी राहते, त्या बाजूस जलवाहिनीवरील एखाद्या चेंबरमध्ये उतरून अर्धवट मिटलेल्या व्हॉल्व्हजवळ क्षणभर उभे राहण्याचा योग ज्याला आला असेल, त्याला पाण्याचा तो अखंड, कर्कश फुत्कार सहसा विसरता येत नाही. माझे सारे आयुष्य जलवाहिन्यांच्या संगतीत गेले आणि तो फुत्कार मी असंख्य वेळा ऐकला. परंतु तो ऐकताना दर वेळी काहीतरी मौल्यवान वस्तू डोळ्यांदेखत सांडत असल्याची हळहळ मनाला लागून राहते.

सांडते ती उंची. शहानूर धरण मेळघाटच्या पायथ्याशी आहे, आणि त्याचे पाणी ज्या मुलखाला जाते तो अंजनगावावरून दर्यापूरकडे, पूर्णेच्या खोऱ्याकडे उतरत गेलेला आहे. त्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला असल्यामुळे विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, म्हणून डोंगराचे गोडे पाणी हा तेथील माणसांचा जीवनाधार होय. अशा उताराच्या वाहिनीत घर्षणाने खर्च होऊन उरलेला दाब टाकीच्या तोंडाशी नकोसा होतो. मग तो व्हॉल्व्ह आवळून अथवा दाब मोडण्यासाठी मुद्दाम बांधलेल्या टाकीत, जिला आम्ही बीपीटी म्हणतो, पाणी मोकळे सोडून नाहीसा करण्यात येतो. ४० मीटर उंचीचा दाब असा मोडला, तर पाणी जेमतेम एक दशांश अंशाने तापते. इतक्या क्षुद्र उष्णतेपायी केवढी शक्ती दवडली, याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही.

वाहत्या नळाच्या पाण्याकडून काम करवून घेण्याची कल्पना आपल्या प्रदेशाला नवी नाही. औरंगाबादेच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत, इ.स. १७४४ च्या सुमारास, दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून उंच भिंतीवर चढविले गेले. तेथून खाली पडताना ते जाते फिरवी, आणि त्या पिठावर फकीर व वाटसरू यांच्या अन्नाची तजवीज होई. दळण झाल्यावरही पाणी पाणीच राहते, ते पुढे हौदात जाते, हे त्या कारागिरांनी ओळखले होते.

आज जात्याच्या जागी विद्युज्जनित्र हवे, आणि लहान जागेसाठी खास घडविलेले टर्बाइन इतके महाग पडते की कोणतीही नगरपालिका त्या खर्चाला सहजी मंजुरी देणार नाही. येथे आपला नेहमीचा सेंट्रिफ्यूगल पंप उपयोगी पडतो. त्याच्या बाहेर जाण्याच्या तोंडातून पाणी आत सोडले, तर पंखा उलट दिशेने फिरतो आणि त्याची मोटर जनित्र बनते. थोमा आणि किट्रिज या दोन अभियंत्यांनी १९३१ मध्ये पंपांच्या असामान्य अवस्थांचा अभ्यास करताना असा उलटा पंपही चांगल्या कार्यक्षमतेने चालतो असे दाखवून दिले. त्याचे बेअरिंग तालुक्याच्या बाजारात मिळते आणि दुरुस्ती स्थानिक मिस्त्रीला येते. माझ्या लेखी हा गुण एकदोन टक्के कार्यक्षमतेपेक्षा मोठा आहे.

मात्र निवड हिशेबानेच करावी लागते. सेकंदाला ६० लिटर पाणी आणि मोडावयाचा दाब ४० मीटर आहे असे मानू या. त्यात सुमारे साडेतेवीस किलोवॅट शक्ती असते, आणि ६५ टक्के हाती लागली तरी १५ किलोवॅट मिळतात, म्हणजे वीस तासांत सुमारे ३०० युनिट. परंतु उलटा चालताना पंपाला नेहमीपेक्षा अधिक पाणी आणि अधिक उंची लागते. पंपतज्ज्ञ स्टेपानॉफ याच्या सूत्राप्रमाणे, ७० टक्के कार्यक्षमतेचा पंप घ्यावयाचा, तर त्याच्या पाटीवर ६० लिटर व ४० मीटर नव्हे, सुमारे ५० लिटर व २८ मीटर असे आकडे असावयास हवेत. शिवाय फिरण्याची दिशा बदलल्याने पंख्याचा नट सैल होऊन निघू शकतो, म्हणून तो जखडून घ्यावा लागतो; आणि वीज अकस्मात गेली की भार सुटलेला पंखा बेफाम वेगाने फिरून पाण्याचीच वाट अडवितो, वाहिनीत दाबाचा तडाखा बसतो. शेजारी आपोआप उघडणारी बगलवाहिनी हवीच.

अशा उलट्या पंपाची खरी कसोटी पाण्याच्या बदलत्या प्रमाणात आहे. टर्बाइनला पाणी कमीअधिक करणाऱ्या झडपा असतात. पंपाला त्या नसतात. मी ज्या एका योजनेवर होतो, तेथे तीस वर्षांनंतरची लोकसंख्या गृहीत धरून यंत्र निवडले गेले. प्रत्यक्षात त्याच्या निम्मेच पाणी वाहत होते. यंत्र फिरत असे, पाहुण्यांना दाखविलेही जात असे. पण मीटर पाहिल्यावर कळले की ते वीज देण्याऐवजी विजेच्या तारांतूनच वीज ओढून मोटरीसारखे चालत होते. मी त्या निवडीला वेळीच हरकत घेतली नाही, याची खंत मला आजही आहे.

युरोपातील शहरांत नळ चोवीस तास दाबाखाली असतात, म्हणून तेथे ही यंत्रे वस्तीतील जाळ्यातही बसविता येतात. आपल्याकडे गल्लीतल्या नळाला बहुधा ठराविक वेळीच पाणी येते. तेथे उरलेला दाब शोधणे म्हणजे शेवटच्या घराच्या घागरीत हात घालणे होय. जागा योग्य ती धरण आणि जलशुद्धीकरण केंद्र यांच्या दरम्यानची, अथवा बीपीटीच्या तोंडाची, जेथे पाणी संथपणे व दीर्घकाळ वाहते.

म्हणून कोणी मजजवळ असे यंत्र मागितले, तर मी आधी वर्षभराची नोंदवही मागतो: दर तासाचे पाणी, व्हॉल्व्हच्या अलीकडचा दाब आणि पलीकडचा दाब. त्या वहीत चैत्र-वैशाखाची पाने कोरी चालत नाहीत. कारण धरणाची पातळी तेव्हाच खाली गेलेली असते, खारपाणपट्ट्यातल्या शेवटच्या गावाची तहान तेव्हाच सर्वांत मोठी असते, आणि त्या दिवसांत यंत्र थांबवून बगलवाहिनी पूर्ण उघडी ठेवावयाची आहे.