आडोसा
पेनसिल्व्हेनियात एका शेजाऱ्यांच्या रानात हरणाच्या शिकारीसाठी झाडाला शिडीचे मचाण टेकवले होते. ते लपविण्यास मी हातभार लावला. हरणाला नारिंगी रंग नीट ओळखता येत नाही. म्हणून दुसऱ्याची गोळी लागू नये यासाठी शिकारी भडक नारिंगी जाकीट बिनधास्त घालतो. हरीण सावध होते ते हालचालीने, वासाने आणि आकाशावर उमटलेल्या आकृतीने. बैठकीमागे आम्ही ओकच्या पानांसकट फांद्या बांधल्या. “तुमची बाजू अगदी रानासारखी दिसते,” शेजारी म्हणाले. मी सुखावलो. आपण केवळ साक्षी, ही माझी समजूत तोवर शाबूत होती. हंगाम सुरू झाल्यावर एका पहाटे त्या दिशेने बार ऐकू आला आणि मला प्रथम आठवल्या त्या मी बांधलेल्या फांद्या.