कपाटातील मोटार

विज्ञान प्रदर्शनाच्या आठवणी लिहाव्यात, असे संपादक मंडळाने आम्हांस सुचविले. आठवणी विपुल आहेत. परंतु लिहावयास बसलो की लेखणी महागाव तालुक्यातील फुलसावंगीकडे वळते, आणि तेथून आमच्याच कपाटाकडे.

ऑगस्ट २०२१. महामारीमुळे वसतिगृह ओस पडले होते; मुले आपापल्या गावी होती. १० तारखेच्या रात्री फुलसावंगीत चोवीस वर्षांच्या एका तरुणाने स्वतः घडविलेल्या हेलिकॉप्टरचे इंजिन सुरू केले. शिक्षण आठवीपर्यंत, व्यवसाय वेल्डिंगचा, कपाटे-कुलर बनविणारे हात. ‘थ्री इडियट्स’ पाहून हा ध्यास त्याच्या मनात शिरला. यूट्यूबवरील चित्रफिती हेच त्याचे ग्रंथालय आणि मारुती ८०० चे इंजिन हे त्याचे भांडवल. दोन वर्षे खपून त्याने यंत्र उभे केले व त्याचे नाव ठेवले ‘मुन्ना हेलिकॉप्टर’. स्वातंत्र्यदिनी ते लोकांना दाखवावयाचे होते. चाचणीत शेपटीकडील पंख्याचे पाते तुटले, वरच्या मोठ्या पंख्यावर आदळले आणि उडून त्याच्यावरच आले. तो वाचला नाही. त्या चाचणीचे चित्रण मात्र दोन दिवसांत देशभर फिरले. आमच्या मुलांनीही ते घरबसल्या पाहिले.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. तरीही शाळा उघडल्यावर मुलांनी विचारले, ‘सर, मागचं पातं कशाला लागते?’ विज्ञानाच्या सहकाऱ्यांकडून समजून घेऊन आम्ही सांगितले : वरचा पंखा एका दिशेने फिरतो, तेव्हा यंत्राचे धड उलट दिशेने फिरू पाहते, त्याला आवरण्याचे काम ते लहान पाते करते. वेग दुप्पट झाला की पात्यावरील ताण चौपट होतो. म्हणूनच कारखान्यात पाते आधी भिंतीआड फिरवून पाहतात. फुलसावंगीच्या त्या वर्कशॉपात अशी भिंत कोठून येणार?

साधने असूनही माणसे मरतात, हे आम्ही त्याआधीच पाहिले होते. ७ नोव्हेंबर २०१६ रोजी बंगळुरूजवळील तिप्पगोंडनहळ्ळी जलाशयावर ‘मस्ती गुडी’ या कन्नड चित्रपटाचे चित्रीकरण सुरू होते. नायकासह तिघांनी हेलिकॉप्टरमधून पाण्यात उड्या घेतल्या. नायक बचावला, खलनायकांच्या भूमिकेतील अनिल आणि उदय बुडाले. आपणांस फारसे पोहता येत नाही, असे दोघांनी उडीपूर्वीच वार्ताहरांना सांगितले होते. अंगावर जीवरक्षक जॅकेट नव्हते. तेथे हेलिकॉप्टर होते, पैसा होता, कॅमेरे होते. एका कॅमेऱ्याची किंमत कमी केली असती तरी दोन जॅकेटे आली असती, हा हिशेब आमच्या डोक्यातून अद्याप जात नाही. फुलसावंगीच्या तरुणाला सावध करणारे कोणी जवळ नव्हते. जलाशयावर ज्यांनी सावध करावयाचे, तेच दृश्य टिपत होते.

आता आमच्या हातून घडले ते. वसतिगृह पुन्हा भरल्यावर नववीतील एका मुलाच्या पेटीत कुलरची जुनी मोटार सापडली. पत्रा कापून त्याने तिला पाती बसविली होती. बाप ऊसतोडीला जाणारा. मोटार भंगारातून आणलेली. आम्ही ती जप्त केली, आणि सर्व मुलांसमोर म्हणालो, ‘फुलसावंगी विसरलास काय?’ पोरगा एक शब्दही बोलला नाही. त्या वर्षी, आणि पुढच्याही, त्याने प्रदर्शनात काहीच मांडले नाही.

बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयपुढे ठेवलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांना शास्त्रीय व तांत्रिक शिक्षण मिळावे, त्यासाठी सरकारने पैसा द्यावा, अशी मागणी केली होती. हा भाग आम्ही दरवर्षी दहावीला तळमळीने शिकवितो. ज्या हातांनी खडू धरून ते शिकविले, त्याच हातांनी ती मोटार कपाटात कोंडली. भीती खरी होती, हे आम्ही आजही म्हणू. एखाद्या मुलाच्या गळ्याला पत्रा लागला असता तर त्याच्या आईला काय तोंड दाखविले असते? पण जाळीचे एक आवरण बसवून, विज्ञानाच्या सरांना शेजारी उभे करून ती मोटार फिरविता आली असती. त्यास खर्च किती? शंभर-दीडशे रुपये. तेवढे आम्हांस सुचले नाही. सुचली ती जप्ती.

तो मुलगा पुढे आयटीआयमध्ये गेला, वायरमनचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि आता पुसदला काम करतो. माजी विद्यार्थी मेळाव्याचे निमंत्रण त्यालाही गेले आहे. येतो म्हणाला आहे. मोटार कार्यालयातील लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात, जुन्या हजेरीपटांमागे आहे. काल काढून पाहिली. पाती गंजली आहेत. वायर उंदरांनी कुरतडली आहे. पुसून ठेवली आहे. नवी वायर त्यालाच बसवू द्यावी म्हणतो.