पस्तिसांत एक

दिवाळींत अंगणांत मातीचा किल्ला रचावयाचा, त्यावर मोहरी पेरावयाची आणि बुरुजाबुरुजावर कुंभाराकडचे मावळे उभे करावयाचे, यांत आमचें बालपण गेलें. त्यामुळें मोठें युद्ध लहान करून घरीं आणण्याची विद्या आपणांस चांगली अवगत आहे, असा आमचा समज होता. गेल्या उन्हाळ्यांत नातवानें एक पेटी आमच्यापुढें आणून ठेवली, आणि हा समज दोन दिवसांत धुळीस मिळाला.

पेटींत प्लॅस्टिकचा सेंच्युरियन रणगाडा होता. निदान वरचें चित्र तरी तसें सांगत होतें. आंत पाहावें तों जाळीदार चौकटींना लटकलेले असंख्य तुकडे! प्रत्येकाला क्रमांक. तो शोधावयाचा, चौकटीपासून कापावयाचा, उरलेलें टोक कानशीनें घासावयाचें आणि मग चिकटवावयाचा. हें चिकटविणेंही आपल्या डिंकासारखें नव्हे. तें द्रावण प्लॅस्टिक किंचित् विरघळवितें व दोन कडा एकजीव करून टाकतें. एकदां जोडलेलें पुन्हां सोडवितां येत नाहीं. एका बाजूला सहा चाकें, तींही सारीं जोडचाकें. अशा चोवीस चकत्या घासतां घासतां आमचीं बोटें व नातवाचें धैर्य दोन्ही झिजलीं. एक चाक आम्हीं उलटें बसविलें. तें अद्याप तसेंच आहे.

प्रतिकृतीचें प्रमाण पस्तिसांत एक. मूळ रणगाडा इंग्रजांनीं १९४५ सालीं सिद्ध केला. परंतु तो लढाईंत उतरण्यापूर्वींच युरोपांतलें युद्ध संपलें. पुढें तो भारतीय सैन्यांत आला, आणि १९६५ व १९७१ या दोन्ही युद्धांत लढला. पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल तारापोर व सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालें, तें याच जातीच्या रणगाड्यांतून लढतांना दाखविलेल्या शौर्याबद्दल. हें सारें आम्हीं मोठ्या अभिमानानें नातवाला सांगितलें.

त्याचें लक्ष निराळ्याच गोष्टीकडे होतें. लांबी पस्तीस पटींनीं कमी झाली, तर वजन पस्तिसाच्या घनानें, म्हणजे ४२,८७५ पटींनीं कमी व्हावयास हवें, असा हिशेब त्यानें मांडला. सुमारें ५० टनांचा रणगाडा या हिशेबानें किलोहून थोडा अधिक भरावा. सौभाग्यवतींच्या स्वयंपाकघरांतल्या काट्यावर त्यानें आमची कृति ठेवली. ती त्याच्या निम्मीही भरेना.

"आजोबा, ह्यांत कमी काय आहे?"

"पोलाद नाहीं, इंजिन नाहीं," असें आम्हीं उत्तर दिलें, आणि स्वतःवर खूष झालों.

आमच्या नगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, चिलखती दलाचें शिक्षणकेंद्र आहे. त्यामुळें निवृत्त लष्करी मनुष्य शेजारीं असणें येथें नवलाचें नाहीं. १९९४ सालीं उघडलेल्या येथील रणगाड्यांच्या संग्रहालयांत आम्हीं पाहुण्यांना कितीदां तरी नेलें आहे. तोफेची लांबी, पोलादाची जाडी, सारें त्यांना दाखविलें. त्या पोलादाच्या आंत कोण बसत असे, हा प्रश्न मात्र आम्हांला कधीं सुचला नव्हता.

त्या सायंकाळीं शेजारचे रिसालदारसाहेब आले. १९७१ सालीं ते सेंच्युरियनचे चालक होते, एवढेंच आम्हांला ठाऊक. त्याहून अधिक ते कधीं बोलले नव्हते. रणगाडा त्यांनीं तळहातावर घेतला, आणि पुढच्या अंगाला, उजव्या बाजूस, चालकाची जी जागा असते तिच्यावर बोट ठेवलें. त्या बोटाखालीं ती जागा पार झांकून गेली.

"इथं मी बसत होतो," ते म्हणाले. "दोन हातांत दोन दांडे. डोक्यावर झाकण."

तें झाकण तेवढें बसवावयाचें राहिलें होतें. नातू द्रावणाची कुंचली घेऊन तयारच होता. रिसालदारसाहेबांनीं त्याचा हात हळूच धरला.

"बंद करूं नको, बाळ. शेजारच्या गाडींत माझा जोडीदार होता. त्याचं झाकण उघडलंच नाहीं."

यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. सौभाग्यवतींनीं चहा आणला. तो त्यांनीं घेतला, आणि ते नेहमीपेक्षां लौकर उठले.

सूचनापत्रांत झाकण मिटलेलें दाखविलें होतें. नातवानें तें उघडें चिकटविलें. त्या तोंडांतून आंत पाहिलें तर काळोख दिसतो. आसन नाहीं, दांडे नाहींत, कोणी नाहीं. नातवानें वजनाचा प्रश्न पुन्हां विचारला नाहीं.

रणगाडा आमच्या पुस्तकांच्या कपाटावर आहे. त्या उघड्या तोंडांतून आंत धूळ जाते, अशी सौभाग्यवतींची तक्रार आहे. ती खरी आहे. पण एकदां जोडलेलें झाकण आतां मिटतां येत नाहीं.