कोठारावरचा शिपाई

हजेरीपट हा मोठा प्रामाणिक, पण अबोल गृहस्थ आहे. मुलगा शाळेत नव्हता एवढे तो छातीठोकपणे सांगेल. पण तो तापाने फणफणला होता की पांडवकड्याचे पाणी बघायला डोंगराकडे पळाला होता, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. मी शाळामास्तर, त्यातून कादंबऱ्या लिहिणारा. हजेरीपट गप्प बसतो तेथे माझे काम सुरू होते. पण आमच्या घरातली एक गैरहजेरी अशी होती, की तिच्यापुढे कल्पनेचा काही उपयोग नव्हता. तिथे दप्तरी कागदच हवा होता.

आमचे अण्णा मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई होते. फौजेतून आल्यावर त्यांनी तळोज्याच्या एका कारखान्यात पहाऱ्याची नोकरी केली आणि शेवटची वर्षे खारघरला आमच्याजवळ काढली. १९७१ च्या लढाईविषयी ते चकार शब्द काढीत नसत. पाहुण्यांनी फारच छेडले, तर म्हणत, "मी मागं कोठारावर होतो. डाळतांदूळ मोजीत होतो." फक्त पावसाळ्यात गॅलरीतून डोंगर न्याहाळताना एखादे वेळी पुटपुटत, "त्या सोंडेवर एक एलएमजी बसली, की खालचा रस्ता बंद." डाळतांदूळ मोजणाऱ्याच्या तोंडी हे वाक्य मला चमत्कारिक वाटे.

याच कोठाराने आमच्या घराचे दोन तुकडे केले होते. महाड तालुक्यातल्या आमच्या गावी आजी वारली, ती १९७१ च्या मार्गशीर्षात, दत्तजयंती होऊन आठ दिवसांनी. थोरल्या काकांनी तार केली. अण्णा आले ते थेट फेब्रुवारीत. काकांनी ओसरीवरूनच विचारले, "कोठारावरच्या माणसाला आईला खांदा द्यायलासुद्धा सुट्टी मिळत नाही?" अण्णा पायरीवरूनच परतले. त्यानंतर दोघे भाऊ लग्नाकार्यात एका मांडवात दिसले, पण एका पंगतीला कधी बसले नाहीत. अण्णा गेले तेव्हा काका आले नाहीत.

काका आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. गेल्या वर्षी आई म्हणाली, "भावजी आहेत तोवर खरं काय ते कळलं, तर बरं होईल."

अण्णांची काळी लोखंडी पेटी महाडला मामांकडे होती. २०२१ च्या जुलैतल्या पुरात ती बुडाली आणि डिस्चार्ज बुकाचा लगदा झाला. पदके मात्र राहिली. फौजेच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. आईने ती चिंचेने घासली आणि मी भिंगातून नंबर उतरवून घेतला. त्यातले एक पदक होते पूर्वी स्टार. १९७१ साली पूर्व आघाडीवर असलेल्यांना मिळालेले.

शिपायाचे दप्तर त्याच्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात असते, मराठ्यांचे बेळगावला. अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज कसा करायचा ते विचारून घेतले, आईच्या पेन्शनचे कागद आणि माझा जन्मदाखला जोडला आणि पाकीट रवाना केले. यथावकाश उत्तर आले. एकच पान! भरतीची तारीख, पहिली पलटण, रायफल कंपनी, काम जनरल ड्यूटी, आणि डिसेंबर १९७१ मध्ये पलटणीबरोबर आघाडीवर. कोठाराचा कोठे उल्लेख नाही.

पुढचे सारे छापील इतिहासात आहे. पहिली पलटण म्हणजे जंगी पलटण, १७६८ साली उभी राहिलेली. त्या डिसेंबरात ती जमालपूरला होती. जुन्या ब्रह्मपुत्रेच्या काठचे हे ठाणे ढाक्याची वाट अडवून बसले होते. मराठ्यांनी नदी ओलांडली आणि ठाण्याच्या पिछाडीचा टांगाइलकडे जाणारा रस्ता रोखला. ९ डिसेंबरला ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्याविषयी चिठ्ठी धाडली. ठाण्याचे अधिकारी लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांनी उलट पत्र दिले, आणि त्यात बंदुकीची एक गोळी गुंडाळली! १० तारखेच्या रात्री आतली फौज वेढा फोडून निसटायला निघाली, ती मराठ्यांच्या मोर्चांवरच येऊन आदळली. रात्रभर गोळीबार चालला. ११ ला सकाळी ठाणे पडले. 'जमालपूर' हा रणसन्मान आज पलटणीच्या नावावर आहे.

आजीला गावाच्या वेशीबाहेर नेली, ती त्याच १० तारखेच्या संध्याकाळी.

मी तो कागद घेऊन गावी गेलो. काकांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला. मग विचारले, "जमालपूर ढाक्याच्या अलीकडं की पलीकडं?" मी सांगितले. ते उठले, देवघरातल्या डब्यातून एक जीर्ण अंतर्देशीय पत्र त्यांनी काढले. वर ९९ ए.पी.ओ. चा पत्ता, अक्षर अण्णांचे, तारीख नोव्हेंबर १९७१ ची. "आई, काळजी करू नको. मला मागे कोठारावर ठेवले आहे. इथे गोळीचा आवाजसुद्धा येत नाही."

"तिला वाचता येत नव्हतं. मीच वाचून दाखवलं," काका म्हणाले. "चार रात्री डोळ्याला डोळा नव्हता तिच्या. त्या रात्री गाढ झोपली."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शेवटपर्यंत तेच सांगत राहिला का रे तो?"

मी मान हलवली. आईला सांगितलेले खोटे तिच्यामागे मोडायचे नाही, असे अण्णांनी ठरवले असावे. बेळगावच्या कागदात यासाठी रकाना नाही, आणि तो असावा अशी अपेक्षाही नाही. माणूस कोठे होता एवढे त्याने सांगितले. पंचावन्न वर्षे होत आली, तेवढे सांगणाराही कोणी नव्हता.

काकांनी तो कागद अंतर्देशीय पत्रात घालून डब्यात ठेवला. मी परत मागितला नाही. माझ्याजवळ आता त्याची झेरॉक्स आहे. काकांचा परवाच फोन आला होता: भाऊबीजेला ते खारघरला येत आहेत, आणि अण्णांच्या फोटोला घालायला हार ते गावाहूनच आणणार आहेत.