डब्यावरची चिठ्ठी

चेन्नईच्या मैलापूर भागातल्या त्या घरात जेवणे उरकली होती. ओटा पुसून झाला तरी अकरावीतली लेक कॉम्प्युटरसमोरून उठत नव्हती. नवऱ्याच्या बदलीमुळे हे मराठी कुटुंब चार वर्षांपूर्वी पुण्याहून इथे आले. लेकीला शाळेत 'पायथन' ही प्रोग्रॅमिंगची भाषा नुकतीच सुरू झाली होती. पदराला हात पुसत आई तिच्या शेजारी येऊन बसली.

"हे व्हेरिएबल म्हणजे काय गं?"

"अगं, तुझ्या डब्यांवर चिठ्ठ्या असतात ना, तसं. चिठ्ठीवरचं नाव म्हणजे व्हेरिएबल. आत काय ठेवायचं ते आपण ठरवायचं. आज रवा, उद्या पोहे."

आईला हसू आले. तिच्या 'साखर' लिहिलेल्या डब्यात कित्येक वर्षे साबुदाणा होता!

लेकीने पाच आणि पाच यांची बेरीज करून दाखवली. उत्तर आले पंचावन्न. आई चमकली. लेक म्हणाली, "मी सांगितलंच नाही की हे आकडे आहेत. कीबोर्डवरून आलेलं सगळं तो आधी मजकूरच समजतो. दोन पाच शेजारी शेजारी ठेवून मोकळा झाला." अशा मजकुराला 'स्ट्रिंग' म्हणतात, म्हणजे अक्षरांची माळ. मैलापूरचा पिन कोड ६००००४. दिसायला आकडा, पण त्याची बेरीज कोण करणार? तोही मजकूर म्हणूनच ठेवायचा.

मग खरा स्वाध्याय सुरू झाला. पूर्ण नाव विचारायचे, जिथे जागा सुटली तिथे तोडायचे आणि शेवटचा शब्द 'आडनाव' म्हणून छापायचा. आईने स्वतःचे नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव असे टाईप केले. उत्तर अचूक आले.

"आता खालच्या मामींचं नाव घाल," आई म्हणाली.

कॉम्प्युटरने मामींचे स्वतःचे नावच आडनाव म्हणून छापले. दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या.

तमिळनाडूत बहुतेक घरांत आडनाव लावत नाहीत. वडिलांच्या नावाचे पहिले अक्षर पुढे, मग स्वतःचे नाव. लग्नानंतर पुष्कळ बायका वडिलांचे अक्षर काढून नवऱ्याचे लावतात. सी. व्ही. रामन यांच्या नावातला 'सी' म्हणजे त्यांचे वडील चंद्रशेखर. रामन यांचे पुतणे एस. चंद्रशेखर यांना नाव मिळाले ते आजोबांचे, आणि 'एस' हे अक्षर वडील सुब्रह्मण्यन यांचे. काका-पुतणे दोघेही इथल्याच प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकले. काकांना १९३० मध्ये, पुतण्याला १९८३ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. पण लेकीच्या प्रोग्रॅमला विचारले, तर या दोघांचे नाते त्याला कधीच कळले नसते. बुद्धिबळपटू विश्वनाथन आनंदला जग लाडाने 'विशी' म्हणते. ते तर त्याच्या वडिलांचे नाव!

इतका वेळ ही गंमत होती. मामींची हकीकत आठवली आणि आई गप्प झाली. मामींचे यजमान सहा महिन्यांपूर्वी वारले. त्यांच्या पैशांसाठी मामींनी अर्ज केला, तो दोनदा परत आला. एका कागदावर मामींच्या नावापुढे एकच अक्षर, तर दुसऱ्यावर नवऱ्याचे पूर्ण नाव शेवटी, आडनावाच्या रकान्यात. तो रकाना रिकामा सोडता येत नव्हता म्हणून कुणीतरी भरून टाकलेला. "मी मीच आहे हे मी कुणाला सांगू?" असे मामी जिन्यात म्हणाल्या होत्या.

लेकीने मामींची दोन्ही नावे दोन व्हेरिएबलमध्ये घातली आणि दोन्ही सारखी आहेत का असे विचारले. उत्तर आले, नाहीत. तिने एका नावातले फक्त टिंब काढून पाहिले, तरी नाहीत. एक जागा जास्त सोडली, तरी नाहीत. कॉम्प्युटर अक्षरामागून अक्षर ताडून बघतो. 'चेन्नई' आपण तीन अक्षरी वाचतो, तो मात्र मात्रा आणि हलन्त वेगळे धरून सहा मोजतो. तमिळ लिपीत लिहिले तरी सहाच! त्याला माणूस दिसत नाही, माळ दिसते.

"म्हणजे चूक त्याची नाहीच," आई म्हणाली. "ज्याने रकाने आखले, त्याने मामींसारख्या बायका पाहिल्याच नव्हत्या."

लेकीने मान डोलावली. मग हळूच विचारले, "आई, तुझं लग्नाआधीचं नाव काय होतं गं?"

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेले नाव आईला आठवले. त्या दिवसापासून सगळे तिला त्याच नावाने हाक मारत आले. पदवीचे प्रमाणपत्र मात्र जुन्या नावाचे. १९९६ मध्ये मद्रासचे चेन्नई झाले, तरी मद्रास विद्यापीठ आणि मद्रास उच्च न्यायालय जुनेच नाव लावून आहेत. शहराला दोन्ही नावे चालतात, बाईला का चालू नयेत?

लेक सांगत होती, "व्हेरिएबलमध्ये नवं काही घातलं की जुनं हातचं जातं. ते हवं असेल तर आधीच दुसऱ्या नावाने ठेवून द्यायचं."

दुसऱ्या दिवशी आई मामींना घेऊन नोटरीकडे गेली. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र तयार झाले. अर्ज तिसऱ्यांदा गेला, आणि या वेळी परत आला नाही.

त्या रात्री लेकीने आपल्या प्रोग्रॅममधला 'आडनाव' रकाना काढून टाकला. 'पूर्ण नाव, तुम्ही लिहिता तसे' असा एकच ठेवला. त्याखाली आणखी एक जोडला, 'आधीचे नाव'. तो रिकामा ठेवला तरी चालणार होता.

आईने तो रिकामा ठेवला नाही. एका एका बोटाने, सावकाश, तिने आपले माहेरचे नाव टाईप केले.